दोरीची हिरवी फाइल

१

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या खेळाच्या खोलीतून अशी काही आरोळी उठली, की ग्रंथालयातल्या ‘शांतता राखा’च्या पाटीलाही तिचं काही करता आलं नाही. ओरडत होते शिट्टीसर. फुटबॉलचे हे सर एरवी शिट्टी वाजवतात, ओरडत नाहीत. म्हणून मावशी चष्मा सावरत उठली.

ही मावशी म्हणजे कॉलेजची ग्रंथपाल. खरं तर ती एकट्या भिंतीची मावशी. भिंत म्हणजे मुलींच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक, मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, दोन वर्षं मावशीच्याच घरी राहणारी. पहिल्याच दिवशी तिनं भर ग्रंथालयात “मावशी, घराची किल्ली दे” अशी हाक मारली आणि तेव्हापासून प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळं कॉलेज बाईंना मावशी म्हणायला लागलं.

मावशीची ख्याती अशी, की हरवलेली वस्तू तिच्या हातून सुटत नाही. रसायनशास्त्राच्या सरांची अंगठी तिनं एका जाडजूड कोशाच्या पानांतून काढून दिली होती, कारण वाचताना खुणेसाठी सर हाताला येईल ते पानात घालतात हे तिनं हेरून ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या गहाळ गुणपत्रिका तिला खिडकीच्या फटीत सापडल्या. खिडकी वाजू नये म्हणून कुणीतरी त्या घडी करून खोचल्या होत्या. पुस्तकांच्या बाबतीत तर विचारूच नका. “मी पुस्तकाचं तोंड बघत नाही,” ती ऐटीत सांगायची. “पाठीवरचा आकडा बघते, हात आपोआप कपाटाकडं जातो.” आठवडाभर तिची मदतनीस रजेवर होती, तरी परत आलेलं एक पुस्तक टेबलावर रात्रभर राहिलं नव्हतं.

निघताना तिनं मागच्या खोलीत डोकावलं. तिथं खळकाका बसले होते, पुस्तकं बांधणारे, बोटांना कायम खळ लागलेली आणि कानांनी जवळजवळ ठार बहिरे. खालचा आरडाओरडा त्यांच्या गावीही नव्हता. उसवलेल्या पुस्तकांची डागडुजी ग्रंथालयातल्या खेळाच्या पुस्तकांच्या कपाटापासून सुरू करा, असं तिनं त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं, कारण खेळाडू पुस्तकांच्या कोपऱ्यांचे जे हाल करतात ते कुणीच करत नाही. ते मान खाली घालून कामात बुडाले होते. मावशी जिना उतरली.

खाली कपाट सताड उघडं होतं. चेंडू, पंप, हातमोजे, सगळं जमिनीवर. शिट्टीसर बाकावर बसले होते आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

“फाइल गेली, मावशी. हिरवी. दोरीची. तुम्हीच दिली होती की सुरुवातीला.”

मावशीला आठवत होती. जूनमध्ये तिनं स्वतःच ती आपल्या सामानातून काढून दिली होती. तिच्यात पंधरा मुलींचे मूळ अर्ज होते, फोटो चिकटवलेले, सही-शिक्क्यांचे. सामन्याच्या तासभर आधी पंचांच्या टेबलावर एकेका मुलीचं तोंड फोटोशी ताडून बघतात. नक्कल चालत नाही. अर्ज नाहीत, तर खेळ नाही, आणि सामना समोरच्या संघाचा.

“किल्ल्या दोनच,” सर म्हणाले. “एक माझ्याकडं, एक कप्तानकडं. कप्तानची किल्ली परवा तासभर कुणाकडं होती, सांगू?”

सांगायची गरज नव्हती. दारात पट्टीताई उभी होती, मुलींच्या घोट्यांना पट्ट्या बांधणारी, आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली होती.

“तुमच्या भाचीकडं,” सर म्हणाले.

२

आता या सामन्याला एवढं काय लागून गेलं होतं, ते सांगायला हवं.

गेल्या वर्षी हा संघ तळाला होता. सामन्याला प्रेक्षक म्हणून मैदानावरचा कुत्रा तेवढा यायचा, तोही मध्यंतराला निघून जायचा. या वर्षी पहिले दोन सामने संघ हरला, तिसरा कसाबसा बरोबरीत सुटला, आणि मग काय जादू झाली कोण जाणे, सलग तीन जिंकले. त्या तीन सामन्यांत समोरच्यांना एकही गोल करता आला नाही, कारण जाळीपुढं भिंत उभी होती. ते नाव तिला तेव्हाच पडलं. सातव्या सामन्यात मात्र एक चेंडू, लहान मूलही अडवेल इतका हळू घरंगळत आलेला, तिच्या दोन्ही पायांमधून आत गेला आणि हातचा विजय बरोबरीवर आला. सरांनी तिला बसवलं. “आठव्या सामन्याला येऊच नकोस, घरी बसून विचार कर,” असं सगळ्यांदेखत सांगितलं. तिनंही सगळ्यांदेखत उत्तर दिलं, “मी नाही तर बघतेच कोण खेळतं ते.”

रागाच्या भरात निघालेलं ते वाक्य आता तिच्या मानगुटीवर बसलं होतं. आठवा सामना संघानं तिच्याविना जिंकला. आज नववा, शेवटचा, आणि तोही आपल्याच मैदानावर. बरोबरी जरी झाली तरी चषक कॉलेजचा. सरांनी बावीस वर्षांत चषक फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिला होता.

सर तसे दुष्ट नव्हते, पण त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं. दोन वाजेपर्यंत फाइल मिळाली नाही तर प्राचार्यांना कळवावं लागेल, आणि कळवताना किल्ली कुणाकडं होती तेही सांगावं लागेल. भाचीला या कॉलेजात प्रवेश मिळाला होता तो खेळाडूंच्या जागेवर. संघाशी दगाबाजी केली असा ठपका बसला की ती जागा गेली, कॉलेज गेलं, आणि पोरीला बॅग भरून आईकडं परत जावं लागणार. “तुझ्या भरवशावर पाठवतेय,” असं म्हणून बहिणीनं तिला मावशीच्या हवाली केलं होतं. मावशी भाचीला शोधायला निघाली.

भाची तिला गोलच्या खांबामागं सापडली. बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. मावशी शेजारी गवतावर बसली. साडी नेसून गवतावर बसायची तिची ही पहिलीच वेळ.

भाचीनं काही लपवलं नाही. परवा, गुरुवारी, तिनं कप्तानकडून किल्ली घेतली होती. आपले हातमोजे काढले. संघ सोडायचा विचार मनात होता, तोही तिनं सांगून टाकला.

“आणि तुझी पुस्तकं काढली. तूच पाटी लावली होतीस ना दारावर, सात पुस्तकं शनिवारच्या आत आली नाहीत तर संघाला पुस्तकं बंद म्हणून? रांगेत होती ती सगळी उचलली आणि तुझ्या टेबलावर नेऊन ठेवली. तू फोनवर होतीस. आठ पुस्तकं उराशी धरून जिना चढत होते मी, त्यात फाइल कुठं धरणार?”

हे तिनं सरांनाही सांगितलं होतं. सर म्हणाले, बरोबर आहे, पुस्तकांच्या आडून नेली असशील.

मावशीनं तिच्याकडं पाहिलं. डोळे सुजलेले, आवाज घट्ट. आणि मग मावशीच्या तोंडून ते निघून गेलं, जे निघायला नको होतं. “हे बघ, रागानं कुठं ठेवली असशील तर मला सांग. मी कुणाला काही कळू देणार नाही.”

भाचीचे हात नाडीवर थांबले.

“तूसुद्धा, मावशी?” ती म्हणाली, आणि उठून चालायला लागली.

३

मावशीला स्वतःच्या जिभेचा इतका राग कधी आला नव्हता. पण रडत बसायला वेळ नव्हता; साडेदहा वाजून गेले होते. फाइलीचा कागदन् कागद सांभाळणारी कप्तान सकाळीच परीक्षेला गेली होती आणि एकच्या आधी बाहेर येणार नव्हती. म्हणूनच तर आज सरांना कपाट स्वतः उघडावं लागलं होतं. सरांचा आणि कागदांचा छत्तीसचा आकडा. शिट्टी आणि चेंडू सोडून तिसऱ्या वस्तूला ते हात लावत नसत.

तर मावशीनं आधी पट्टीताईला गाठलं. पट्टीताई बर्फाच्या पिशव्या भरत होती. फाइल नाहीशी व्हावी असं तिला वाटायला कारण होतं, आणि तिनं ते स्वतःहूनच सांगितलं. चार मुलींचे घोटे सुजलेले होते आणि सर त्यांना खेळवणारच म्हणत होते. कालच दोघांची जुंपली होती. हा सामना झालाच नसता तर पट्टीताईला झोप छान लागली असती.

“पण मी कागद चोरणारी नाही,” ती म्हणाली. “मला चोरायचंच असतं तर सरांची शिट्टी चोरली असती.”

भाचीला जिन्यात तिनंच पाहिलं होतं, आणि सरांना सांगून बसल्याचा तिला आता पस्तावा होत होता. पोर रडून रडून लाल झाली होती, हातात हनुवटीपर्यंत थर. मावशीनं खोदून विचारलं, त्या थरात हिरवं काही होतं का? दोरी लोंबत होती का? पट्टीताईनं डोळे मिटून आठवलं. नव्हतं. सगळं एकजात तपकिरी, ग्रंथालयाच्या कापडाचं.

मावशीला जरा धीर आला. मग ती ऑफिसात गेली, शिक्काकाकांकडं.

शिक्काकाका म्हणजे मुख्य कारकून. कॉलेजात पान हललं तरी त्यावर यांचा शिक्का हवा. फुटबॉल त्यांच्या डोळ्यांत सलायचा. मैदानाच्या जागी गाड्या लावायला छप्पर बांधावं, असं पत्र त्यांनी एकदा नाही, तीनदा लिहिलं होतं. संघ जिंकला तर मैदानाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे कारण यांच्याकडंही होतं, आणि चांगलं मोठं होतं.

मावशीनं हिरव्या फाइलीचं विचारताच त्यांनी कानावर हात ठेवले.

“हिरवं-बिरवं माझ्याकडं काही आलं नाही. बुधवारी तुमची कप्तान बाड घेऊन आली, मी शेवटच्या पानावर शिक्का मारला, बाड घेऊन ती गेली. माझ्या वहीत तिची सही आहे, बघायची तर बघा.”

मावशीनं बघितली. सही होती. बाकी बाड काय, शिक्काकाकांच्या लेखी चार कागद एकत्र आले की बाडच. मावशीनं तो शब्द कानाआड केला आणि उठली. ते मात्र मागून कुरकुरतच राहिले, की पूर्वी कसं, सुटे कागद असायचे, हलके. आता पान उलटायलाही दोन हात लागतात.

मावशी दाराशी क्षणभर थांबली. काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना. तेवढ्यात घड्याळाचे ठोके पडले. बारा.

४

बारा ते एक मावशीनं काय नाही केलं? खेळाची खोली पुन्हा उपसली. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत बाकांखाली वाकून पाहिलं. कचऱ्याच्या डब्यात काठी घालून ढवळलं. शोध फाइलीचा, आणि डोळ्यांसमोर एकच वस्तू: हिरवी, पुठ्ठ्याची, पांढऱ्या दोरीची. तसली एकही कुठं नव्हती. सर मैदानाच्या कडेनं येरझारा घालत होते आणि दर फेरीला घड्याळ बघत होते.

एक वाजून पाच मिनिटांनी परीक्षेच्या दालनाची दारं उघडली आणि कप्तान बाहेर आली, बोटांना शाई, डोक्यात अजून प्रश्नपत्रिका. मावशीनं तिला दारातच धरलं आणि एका दमात सगळं सांगितलं. कप्तानच्या चेहऱ्यावर आधी घबराट आली, मग गोंधळ, आणि मग ती मावशीकडं अशी बघायला लागली, जणू मावशीलाच ताप चढलाय.

“हिरवी फाइल?” ती म्हणाली. “ती तर मी दोन आठवड्यांपूर्वीच फेकून दिली.”

५

मावशी पायरीवर बसली. कप्तानही शेजारी बसली आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं.

सातव्या सामन्यानंतर दुसऱ्याच कुठल्या तरी संघानं अर्जावरचा फोटो बदलून भलतीच मुलगी खेळवली होती. त्यावर स्पर्धेच्या लोकांनी पत्र धाडलं, की यापुढं सगळे अर्ज एकत्र शिवून, बांधून आणावेत, सुटे चालणार नाहीत. सरांनी ते पत्र न वाचताच “त्या कागदांचं काय ते बघ गं” म्हणून कप्तानच्या हातात कोंबलं. तिनं बघितलं. आठव्या सामन्याला टेबलावर बांधलेले अर्ज तिनंच नेले. सर तेव्हा मैदानात मुलींना पळवत होते. बुधवारी शिक्का मारून तो गठ्ठा परत आणला आणि कपाटात ठेवला. कोपरे दुमडू नयेत म्हणून पुस्तकांच्या रांगेत उभा.

“बांधून कुणाकडून घेतलंस?” मावशीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

“तुमच्याच खळकाकांकडून. त्यांनी खुणेनं विचारलं, कशाबद्दल आहे? मी म्हटलं, फुटबॉल. फार सुंदर बांधलंय, मावशी. तपकिरी कापड, पाठीवर सोनेरी आकडासुद्धा टाकलाय.”

मावशीनं डोळे मिटले. सकाळपासून जे जे कानाआड केलं होतं ते सगळं एकेक करून समोर येऊन बसलं. शिक्काकाकांचं बाड, जे हल्ली दोन हातांनी उलटावं लागतं. पट्टीताईनं पाहिलेला थर, एकजात तपकिरी. आणि भाचीनं तर सरळ तोंडावर सांगितलं होतं. दारावरच्या पाटीवर मावशीनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं सात; पोर म्हणाली, आठ पुस्तकं. जिचा हिशेब एका पुस्तकानं कधी चुकला नाही, ती मावशी ते ऐकून ढिम्म बसली आणि वर तिनं त्याच पोरीवर संशय घेतला.

बांधलेले अर्ज भाचीनं कधी पाहिलेच नव्हते; आठव्या सामन्याला तिला घरी बसवलं होतं. रांगेत ग्रंथालयाच्या कापडाचं, ग्रंथालयाचा आकडा असलेलं पुस्तक दिसलं, तिनं उचललं. ग्रंथपालाची भाची दुसरं काय करणार?

“मग गुरुवारी टेबलावरून ते कुणी उचललं?” कप्तानला अजून उलगडत नव्हतं.

मावशी उत्तर न देता उठली आणि जिना चढायला लागली. मदतनीस रजेवर होती. गुरुवारी संध्याकाळी टेबलावरची सगळी पुस्तकं एकाच बाईनं लावली होती, जी पुस्तकाचं तोंड बघत नाही. पाठीवरचा आकडा बघते.

सातशे शहाण्णव, खेळाच्या पुस्तकांचा आकडा. खिडकीपासून तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. तिथं जायला तिला डोळे उघडे ठेवायचीही गरज नव्हती. ती गुडघ्यांवर बसली, बोटं कडेकडेनं फिरवली आणि थबकली.

दोन पुस्तकांच्या मधे बोटभर फट होती. पुस्तक तिथं होतं, हे धुळीतली रेघ सांगत होती. आता नव्हतं.

६

दीड वाजून गेला होता. कप्तान रडकुंडीला आली. मावशीलाही क्षणभर वाटलं, संपलं. मग तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून या कपाटाला हात लावायची परवानगी फक्त एका माणसाला होती, आणि ती तिनंच दिली होती.

दोघी मागच्या खोलीत धावल्या. खळकाका डबा खाऊन हात पुसत होते. कोपऱ्यात त्यांचा लोखंडी दाब होता, दोन फळ्यांमधे ओली पुस्तकं आवळून ठेवायचा, आणि त्यात एकावर एक पाच पुस्तकं होती. वरून दुसऱ्याच्या पाठीवर सोनेरी आकडा चमकत होता.

मावशीनं बोट दाखवलं. काकांनी मान हलवली. ते सगळं खाणाखुणांनी आणि मोठमोठ्यानं ओरडून समजावून घ्यावं लागलं, आणि ‘शांतता राखा’च्या पाटीखाली वाचत बसलेली पोरं माना वर करकरून बघत होती. झालं होतं ते एवढंच: सकाळी खेळाचं कपाट तपासताना काकांना स्वतःच्या हातचं काम दिसलं. कोपरा सुटला होता, त्यांना लाज वाटली. सरांनी पुस्तक ग्रंथालयात जमा केलं असेल असं समजून त्यांनी खळ लावली आणि दाबात घातलं.

“संध्याकाळशिवाय काढता यायचं नाही,” ते म्हणाले. “कोपरा उचलेल.”

“उचलू दे,” मावशी त्यांच्या कानात ओरडली. “इथं पोरीचं बिऱ्हाड उचलायची वेळ आलीय.”

खळकाकांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि दाबाचा दांडा उलटा फिरवायला सुरुवात केली. पुस्तक बाहेर आलं, अजून जरा ओलसर, खळीच्या वासाचं. मावशीनं उघडलं. पंधरा पानं, पंधरा चेहरे, शेवटच्या पानावर शिक्काकाकांचा शिक्का. तिचा जीव भांड्यात पडला. कप्तान तर तिच्या गळ्यातच पडली.

खाली सगळा संघ खेळाच्या खोलीत गोळा झाला होता. सरांनी प्राचार्यांकडं जायला चपला घातल्या होत्या. भाची कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. मावशीनं ती मोकळी जागा पाहिली. तिनं पुस्तक बाकावर ठेवलं.

“मिळाली?” सर ओरडले. “कुणी घेतली होती?”

“मी,” मावशी म्हणाली.

मावशीनं मग काहीही न झाकता सांगितलं: फाइलीचं पुस्तक कसं झालं, भाचीनं ते इमानानं परत कसं केलं, आणि आपण आकडा बघून ते कपाटात कसं गाडून टाकलं. तोंड बघितलं असतं तर पहिल्याच पानावर कप्तानचा फोटो होता, तेही सांगितलं. आणि सकाळी गोलच्या खांबामागं आपण पोरीला काय विचारलं, तेही.

सरांनी पायांतल्या चपला काढल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, पण त्यांनी मागितली. भाचीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलं माझं. पत्र वाचायला हवं होतं. आणि तुझं ऐकायला हवं होतं.” भाचीनं मान हलवली. मग तिला रडू फुटलं, आणि त्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा बघता बघता भरून गेल्या. पट्टीताईनं आपला रुमाल पुढं केला. त्यात बर्फ होता, त्यामुळं सगळ्या हसायला लागल्या.

“तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे,” भाची मावशीला म्हणाली, नाक ओढत. पण ती हसत होती.

७

मावशीच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ग्रंथालयाला भर दुपारी कुलूप लागलं. मावशी मैदानाच्या कडेला बाकावर जाऊन बसली. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी शिक्काकाका येऊन बसले, नुसतं मैदान मोजायला आलोय म्हणाले, आणि दहाव्या मिनिटाला उभं राहून पंचांना नावं ठेवायला लागले.

गोलात दुसरी मुलगी होती, आठवा सामना जिंकून दिलेली. सरांनी तिला बदललं नाही आणि भाचीनंही तशी अपेक्षा धरली नव्हती. ती राखीव मुलींच्या बाकावर हातमोजे मांडीवर घेऊन बसली होती. खेळ इकडून तिकडं, तिकडून इकडं चालला होता आणि गोल कुणाचाच होत नव्हता. शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना त्या मुलीच्या बोटावर समोरच्या खेळाडूचा बूट पडला. पट्टीताई धावली, बोट बघितलं, आणि सरांकडं वळून नाही म्हणून हात हलवला. या वेळी सरांनी तिचं ऐकलं.

त्यांनी भाचीला उठायची खूण केली.

पण लगेच आत जाता येत नव्हतं. टेबलावरच्या पंचानं ते तपकिरी पुस्तक ओढलं, पानं उलटत बाराव्या पानावर थांबला, फोटो बघितला. मग मान वर करून त्यानं भाचीच्या चेहऱ्याकडं बघितलं. पुन्हा फोटो, पुन्हा चेहरा. मावशी बाकावरून अर्धी उठली होती. पंचानं पुस्तक मिटलं आणि जा म्हणून हात केला.

पुढची पंधरा मिनिटं मावशीनं शिक्काकाकांचा दंड इतका घट्ट धरला, की त्यावर तिच्या बोटांचा शिक्का उमटला. अगदी शेवटी एक चेंडू आला. जोरात नाही, उंच नाही, हळू घरंगळत, बरोबर भाचीच्या दोन पायांच्या मधे. सगळ्या मैदानाला सातवा सामना आठवला. भाची दोन्ही गुडघे टेकून खाली बसली, तान्ह्या बाळाला घ्यावं तसा तिनं तो चेंडू उराशी घेतला आणि तशीच बसून राहिली. शिट्टी वाजली. शून्य-शून्य. बावीस वर्षांनी चषक घरी आला, आणि शिट्टीसर मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसले आणि चक्क रडले.

सगळा गोंधळ ओसरल्यावर भाची मावशीकडं आली, गुडघ्यांना माती, केसांत गवत, काखेत ते पुस्तक. पंचांनी परत दिलं होतं. सुटलेला कोपरा पुन्हा उचलला होता, खळकाका म्हणाले होते तसाच. तिनं ते मावशीच्या मांडीवर ठेवलं.

“परत करतेय. वेळेत,” ती म्हणाली. “कुठल्या कपाटात लावणार?”

मावशीनं पुस्तक हातात घेतलं. पाठीवरच्या सोनेरी आकड्यावर अंगठा ठेवून तिनं पहिलं पान उघडलं.

“कुठल्याच नाही,” ती म्हणाली. “आधी वाचणार आहे.”